मॉर्गेजमधलं 'मेलेलं' नेमकं काय?

प्रश्न असा आहे: "घरकर्जाच्या कागदांवर सह्या करताना पुतण्या म्हणाला, 'काका, मॉर्गेज हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ मृत्यूची शपथ. म्हणजे मरेपर्यंत हप्ते फेडायचे.' हे खरं आहे का? फ्रान्समध्ये आजही हाच शब्द वापरतात का? आणि स्पेलिंगमध्ये टी असताना तो कोणीच का उच्चारत नाही?"

मी दिवाणी वकील आहे. जमिनीचे टायटल तपासणं, जुनी गहाणखतं वाचणं आणि गहाण सोडवण्याचे दावे चालवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या शब्दाशी माझं जवळचं नातं आहे. उत्तर जरा लांबेल. कारण त्या 'मेलेल्या' शब्दामागची गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्यांनीही पिढ्यान् पिढ्या अनुभवलेली आहे, आणि ती अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

आधी पुतण्याचं म्हणणं पाहू. शब्द फ्रेंच आहे, हे बरोबर. जुन्या फ्रेंचमधला 'मॉर' म्हणजे मृत आणि 'गाज' म्हणजे तारण, गहाण ठेवलेली वस्तू. दोन्ही मिळून 'मृत गहाण'. यात शपथ कुठेच नाही. घोटाळा झाला तो मधल्या इंग्रजी पायरीवर. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सांगताना 'प्लेज' हा शब्द वापरतात, आणि प्लेजचे अर्थ दोन: एक गहाण, दुसरा प्रतिज्ञा. मराठीत आणताना कोणीतरी दुसरा अर्थ उचलला, 'मृत' चा 'मृत्यू' केला आणि 'मृत्यूची शपथ' तयार झाली. मग मरेपर्यंत फेडायचं वगैरे पुढचं आपोआप चिकटलं. कर्ज घेणारा माणूस मरण्याशी या शब्दाचा कधीही संबंध नव्हता. मृत म्हटलंय ते गहाणाला.

आता दोन्ही तुकड्यांची कुळी बघा. 'मॉर' लॅटिनमधल्या 'मॉर्तुस'वरून आला. हा लॅटिन शब्द आणि आपला संस्कृत 'मृत' एकाच मूळ धातूचे. म्हणजे मॉर्गेजमधला 'मॉर' आणि मराठीतलं 'मरण' हे लांबचे का होईना, पण सख्ख्या रक्ताचे नातेवाईक आहेत. 'गाज'चा प्रवास मात्र वेगळा. तो लॅटिनमधून आला नाही. फ्रान्सवर राज्य केलेल्या फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून तो फ्रेंचमध्ये शिरला. त्या बोलीत शब्दारंभी 'व' होता. पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्याचा 'ग' झाला, उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीत 'व' तसाच राहिला. इंग्रजीने दोन्हीकडून शब्द घेतले. म्हणून पगाराला 'वेजेस', पैजेला 'वेजर', आणि इकडे 'गेज', 'एंगेज', 'मॉर्गेज'. वॉरंटी आणि गॅरंटी, वॉर्डन आणि गार्डियन या जोड्याही अशाच एका शब्दाच्या दोन वाटा आहेत. इंग्रजीचा स्वतःचा जुना 'वेड' हा शब्दही याच घराण्यातला. त्याचा मूळ अर्थ तारण, वचनाची खूण. त्यावरून 'वेडिंग' आला.

टीचं उत्तर थोडक्यात देतो. लोकांना वाटतं की टी आधी उच्चारत होते आणि मग तो गळाला. झालं उलट. जुन्या फ्रेंचमध्येच हा शब्द टीशिवायही लिहिला जात होता, आणि इंग्रजीतही तो तसाच आला. १३९० च्या सुमारास कवी जॉन गोवरने तो टीशिवायच लिहिलेला आढळतो. पुढे विद्वान मंडळींनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून लेखनात टी परत घातला. उच्चारात तो आलाच नाही. तेव्हा बँकेत कोणी 'मॉर्टगेज' म्हटलं तर समजून घ्या, पण 'मॉर्गिज' हेच बरोबर, आणि आपलं 'मॉर्गेज' त्याच्या पुरेसं जवळ आहे.

आता मुख्य मुद्दा. गहाण मेलेलं कसं असू शकतं?

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. कोर्टात वाद फ्रेंचमध्ये चालत आणि दप्तर लॅटिनमध्ये लिहिलं जाई. १३६२ मध्ये कायदा झाला की यापुढे युक्तिवाद इंग्रजीत करावा, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तरीही वकिलांनी आपली मोडकीतोडकी 'लॉ फ्रेंच' पुढे शतकानुशतकं सोडली नाही. जज्ज, ज्युरी, अटर्नी, प्लेंटिफ, लीज, लीन, बेल, पॅरोल हे सगळे शब्द त्या काळाची देणगी आहेत. आपल्या तालुका कोर्टाच्या आवारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत जी इंग्रजी ऐकू येते, तिच्यात निम्मं फ्रेंच आहे म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या हेन्री राजाच्या काळात, साधारण ११८७ ते ११८९ च्या दरम्यान, इंग्लंडच्या कायद्यावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला गेला. तो राजाचा मुख्य न्यायाधिकारी रॅनल्फ द ग्लॅनव्हिल याच्या नावाने ओळखला जातो. त्यात जमीन गहाण ठेवण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक मृत गहाण, आणि दुसरं त्याच्या उलट, ज्याला जिवंत गहाण म्हणतात. दोन्हींमध्ये जमिनीचा ताबा सावकाराकडे जातो आणि पीक, खंड, भाडं जे काही येईल ते तो घेतो. फरक एवढाच, की जिवंत गहाणात हे उत्पन्न कर्जात वळतं होतं. मृत गहाणात होत नाही.

आकडे घालून पाहू. समजा हजार रुपये कर्ज आहे आणि जमिनीचं उत्पन्न वर्षाला शंभर रुपये. जिवंत गहाणात दर वर्षी शंभर रुपये मुद्दलातून वजा होतात. व्याज नसेल तर दहा वर्षांत कर्ज फिटलं, जमीन घरी आली. शेत स्वतःच राबून स्वतःला सोडवून घेतं, म्हणून ते जिवंत. मृत गहाणात सावकाराने चाळीस वर्षं शेत खाल्लं, चार हजार रुपये घेतले, तरी चाळिसाव्या वर्षी देणं हजारच. जमिनीचं सगळं उत्पन्न नुसतं भोगण्यात गेलं. कर्जाच्या बाजूने पाहिलं तर ती जमीन निर्जीव आहे, काहीच करत नाही. म्हणून ते मृत.

हे स्पष्टीकरण माझ्या मते सगळ्यांत भक्कम आहे, कारण ते एकट्या ग्लॅनव्हिलचं नाही. खुद्द फ्रान्समध्येही हाच अर्थ होता. आंत्वान लुआझेल नावाच्या फ्रेंच कायदेपंडिताने १६०७ मध्ये फ्रान्समधली रूढ कायदेवचनं एकत्र करून छापली. त्यातल्या एका वचनाचा आशय असा: जिवंत गहाण ते, जे आपल्या उत्पन्नातून स्वतःला फेडतं, मृत गहाण ते, जे कशानेच फिटत नाही. दोन देशांत, चारशे वर्षांच्या अंतराने, तोच अर्थ.

मग असला एकतर्फी व्यवहार चालत कसा होता? ख्रिस्ती धर्मात व्याज घेणं पाप मानलं जाई. व्याज उघड लावता येत नव्हतं, पण जमीन ताब्यात घेऊन तिचं पीक खाता येत होतं. म्हणजे व्याजच, फक्त त्याला व्याज म्हणायचं नाही. यात मोठे सावकार कोण होते, तर मठ. नॉर्मंडीतल्या मठांनी अशा गहाणांवर भरपूर जमिनी धरल्या होत्या. शेवटी ११६३ मध्ये पोप तिसरा अलेक्झांडर याच्या अध्यक्षतेखाली फ्रान्समधल्या तूर गावी धर्मसभा भरली, तिने धर्मगुरूंच्या या व्यवहाराला व्याजखोरी ठरवलं आणि खर्च वजा जाता आलेलं उत्पन्न मुद्दलात धरायला सांगितलं. इंग्लंडमध्ये ग्लॅनव्हिलच्या ग्रंथात राजाची भूमिका दिली आहे: राजा मृत गहाणाला मनाई करत नाही, पण ते व्याजखोरीतच मोडतं, असं गहाण बाळगून सावकार मेला आणि ते सिद्ध झालं, तर त्याच्या मालमत्तेची विल्हेवाट व्याजखोराच्या मालमत्तेसारखी लावली जाईल. व्यवहार कायदेशीर, आणि तरी तो निंद्य आहे हे कायद्याच्याच ग्रंथात लिहिलेलं.

आता, तुम्ही इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक ठिकाणी वेगळंच स्पष्टीकरण मिळेल. ते आहे थॉमस लिटलटनचं. हा इंग्लंडचा न्यायाधीश १४८१ मध्ये वारला. जमिनीच्या हक्कांवरचा त्याचा ग्रंथ लॉ फ्रेंचमध्येच आहे. तो म्हणतो, ठरलेल्या दिवशी ऋणको पैसे देईल की नाही हे अनिश्चित असतं. दिले नाहीत तर जमीन त्याच्यापुरती कायमची मेली. दिले तर सावकारापुरतं तारण मेलं. म्हणून मृत गहाण. १६२८ मध्ये एडवर्ड कोक याने लिटलटनवर भाष्य लिहून ही व्युत्पत्ती पुढे नेली, आणि कोकचा शब्द म्हणजे इंग्रज वकिलांना ब्रह्मवाक्य. त्यामुळे तीच रूढ झाली.

लिटलटन खोटं सांगत नव्हता. तो त्याच्या डोळ्यांसमोरचा व्यवहार समजावून देत होता. ग्लॅनव्हिलपासून त्याच्यापर्यंतच्या तीनशे वर्षांत गहाणाची रीतच बदलली होती. आता ऋणको जमीन सावकाराच्या नावे करून देई, अशा अटीवर की अमुक दिवशी पैसे दिले तर जमीन परत. तो दिवस चुकला की संपलं. घोडा लंगडला, नदीला पूर आला, काही ऐकून घ्यायचं नाही. शब्द जुना, व्यवहार नवा. तेव्हा जुन्या शब्दाला नव्या व्यवहारातून अर्थ देणं भागच होतं. व्युत्पत्ती म्हणून मात्र मी ग्लॅनव्हिलच्या बाजूने आहे. शब्द घडला तेव्हाचा साक्षीदार तो आहे, आणि 'मृत' समोर 'जिवंत' ही जोडीही त्याच्याच अर्थात नीट बसते. लिटलटनचा अर्थ धरला तर जिवंत गहाण म्हणजे काय, हे सांगताच येत नाही.

त्या 'दिवस चुकला की संपलं' या क्रूर नियमावर उतारा काढला तो इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टाने, म्हणजे कायद्याच्या अक्षरापेक्षा न्याय्य काय ते पाहणाऱ्या कोर्टाने. सतराव्या शतकापर्यंत तिथे हे पक्कं होत गेलं की कागद काहीही म्हणो, जमीन दिली ती तारण म्हणून, तेव्हा दिवस उलटल्यावरही मुद्दल-व्याज देऊन ती सोडवण्याचा हक्क ऋणकोला आहे. यातूनच 'एकदा गहाण ते कायम गहाण' हे तत्त्व निघालं. परिणाम असा झाला, की इंग्लिश मॉर्गेजच्या कागदावर एक लिहिलेलं आणि कायद्यात दुसरंच. लॉर्ड मॅकनॉटन या न्यायाधीशाने १९०४ च्या एका निकालात म्हटलं होतं की जमिनीचं इंग्लिश मॉर्गेज नुसत्या उपजत बुद्धीने कोणालाही कधी समजलेलं नाही. १९२५ च्या कायद्याने इंग्लंडने मालकीच सावकाराच्या नावे करण्याची ती जुनी पद्धत बंद केली. गंमत म्हणजे आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये मात्र 'इंग्लिश मॉर्गेज' हे नाव अजून जसंच्या तसं आहे.

आता आपल्याकडे येऊ.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा इंग्रजांनी केला, पण गहाणाचे प्रकार त्यांनी इथल्या रूढीतूनही उचलले. कलम ५८ मध्ये सहा प्रकार आहेत. ताबा न देता केलेलं नजरगहाण, मुदतखरेदी, ताबेगहाण, इंग्लिश मॉर्गेज, मालकीचे कागद बँकेकडे ठेवून केलेलं गहाण, आणि यांपैकी कशातच धड न बसणारं संमिश्र गहाण. यातलं ताबेगहाण नीट वाचा. त्याच्या व्याख्येत म्हटलं आहे की ताबा सावकाराकडे जाईल, आणि येणारं उत्पन्न तो व्याजापोटी घेईल, किंवा मुद्दलात वळतं करील, किंवा काही इकडे काही तिकडे. ग्लॅनव्हिलचं मृत गहाण आणि जिवंत गहाण, दोन्ही या एका पोटकलमात शेजारी शेजारी बसली आहेत. फक्त मेलेलं-जिवंत ही नावं गेली.

जुन्या ताबेगहाणाचा कागद हातात आला की मी आधी तेवढी एकच ओळ शोधतो. भाषा साधारण अशी असते: "सदर जमिनीचे उत्पन्न तुम्ही व्याजाबद्दल घेत जावे. उत्पन्नाचा व व्याजाचा हिशेब एकमेकांस मागू नये. मुद्दल रक्कम देऊ तेव्हा जमीन सोडवून घेऊ." ही ओळ असली की ते बाराव्या शतकातलं नॉर्मन मृत गहाण आहे, मग ते पुरंदर तालुक्यातलं असो की देवगडचं. आणि "दरसाल इतकी रक्कम मुद्दलात मजरा द्यावी", म्हणजे मुद्दलातून वजा करावी, असं असलं तर ते जिवंत. दाव्याची सगळी दिशा त्या एका ओळीवर ठरते. पहिल्यात मुद्दल भरावंच लागतं. दुसऱ्यात हिशेब मांडला तर कित्येकदा असं निघतं की कर्ज आजोबांच्या हयातीतच फिटलंय.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रालाही हा भेद पुरता ठाऊक होता. तिथे गहाणाला 'आधि' म्हणतात, आणि नुसतं जपून ठेवायचं ते गोप्य, फळ भोगायचं ते भोग्य. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात श्लोक आहे:

आधिः प्रणश्येद् द्विगुणे धने यदि न मोक्ष्यते ।
काले कालकृतो नश्येत् फलभोग्यो न नश्यति ॥

रक्कम दुप्पट झाली तरी सोडवलं नाही तर गहाण बुडतं. मुदत घातलेलं असेल तर मुदत भरताच बुडतं. पण ज्याचं फळ भोगलं जातं ते गहाण बुडत नाही. लिटलटनने जे फ्रेंचमध्ये लिहिलं, जमीन ऋणकोपुरती 'मेली', त्यालाच इथे 'नश्येत्' म्हटलं आहे. आणि चौथा चरण तर मला फार मोलाचा वाटतो. सावकार पीक खातोय ना, मग त्याला मोबदला मिळतोच आहे. तेव्हा कितीही काळ गेला तरी मूळ मालकाचा सोडवण्याचा हक्क जात नाही. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, लिहिली, आणि मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा मुख्य आधार तीच राहिली. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही हा दामदुपटीचा नियमही याच परंपरेतला. मुंबई हायकोर्टाने तो मान्य केला होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सिंग राम विरुद्ध शिव राम या खटल्यात जे ठरवलं ते या चौथ्या चरणाच्या अगदी जवळ जातं. एरवी गहाण सोडवायला ३० वर्षांची मुदत आहे. पण ताबेगहाणात केवळ कागदाच्या तारखेपासून ३० वर्षं उलटली म्हणून सावकार मालक होत नाही. गहाणाची रक्कम उत्पन्नातून किंवा रोखीने फिटते, तेव्हापासून मुदत सुरू होते. ज्यांच्या घरात पणजोबांच्या वेळचं ताबेगहाण अडकून पडलं आहे, त्यांनी 'आता काय, मुदत गेली' असं परस्पर ठरवून टाकू नये. कागद घेऊन वकिलाकडे जावं. कूळकायदा, वाटण्या, फेरफार यांमुळे प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, पण दार सरसकट बंद नाही.

मृत गहाणाने काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने १८७५ मध्ये पाहिलं. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकरी बाजारात जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली. मग हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की बहुतेक ठिकाणी माणसं मारण्यावर त्यांचा रोख नव्हता. त्यांना हवे होते कागद: रोखे, खतं, हुकूमनामे. ते काढून घेऊन जाळले. जे देणं आयुष्यभर राबून फिटत नाही, ते कुठे जिवंत आहे हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. त्याने कोर्टाला अधिकार दिला की कागदावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा हिशेब मुळापासून काढावा आणि मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडावं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. तूरच्या धर्मसभेने ११६३ मध्ये जे सांगितलं, उत्पन्नाचा हिशेब धरा, तेच सुमारे सातशे वर्षांनी दख्खनमध्ये कायद्याने सांगावं लागलं.

याच ओघात मुदतखरेदीबद्दल दोन शब्द, कारण फसवणूक इथे जास्त होते. कागद खरेदीखताचा, पण तोंडी ठरलेलं की पाच वर्षांत पैसे दिले तर जमीन परत. १९२९ च्या दुरुस्तीनंतर परतीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच कोर्ट त्याला गहाण मानू शकतं. वेगळ्या स्टॅम्पपेपरवर 'परत करीन' असं लिहून घेतलं, आणि खरेदीखत मात्र कोरडं केलं, तर 'एकदा गहाण ते कायम गहाण' हे संरक्षण हातातून गेलं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

तुमच्या कर्जाच्या कागदावर 'मॉर्गेजर' आणि 'मॉर्गेजी' असे दोन शब्द असतील. पुष्कळ जण मॉर्गेजी म्हणजे कर्जदार समजतात, कारण ऐकायला तो बिचारा वाटतो. तो आहे बँक. शेवटचा 'ई' हाही फ्रेंच प्रत्यय: ज्याला दिलं गेलं तो. लेसी म्हणजे ज्याला भाडेपट्टा दिला तो, पेयी म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो. गहाण तुम्ही देता, म्हणून तुम्ही मॉर्गेजर. बँकेला दिलं जातं, म्हणून बँक मॉर्गेजी. पैशाच्या नव्हे, गहाणाच्या दिशेने बघा म्हणजे गोंधळ होणार नाही.

फ्रान्समध्ये आज काय म्हणतात? मॉर्गेज नाही म्हणत. जमीन-घराच्या गहाणाला तिथे 'इपोतेक' म्हणतात. हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, अर्थ 'खाली ठेवलेलं', म्हणजे कर्जाच्या पायाशी ठेवलेलं. फ्रेंचांनी आपला जुना शब्द सोडला आणि इंग्रजीने तो जपला. पण इपोतेकचा भाऊ तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. कर्जावर गाडी घेतली असेल तर आरसी बुकावर 'हायपोथिकेशन' लिहिलेलं असतं, तो हाच शब्द. भारतात तो गाडी, यंत्रं, दुकानातला माल अशा जंगम वस्तूंसाठी वापरतात. ताबा तुमच्याकडे, बोजा बँकेचा. मराठीत त्याला तारणगहाण म्हणतात.

आणि हप्त्यांचं जे कोष्टक बँक देते, कुठल्या महिन्यात मुद्दल किती, व्याज किती, त्याचं नाव 'अमॉर्टायझेशन शेड्यूल'. त्यातही तोच 'मॉर' आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'अमॉर्तिर' म्हणजे मरणाला नेणं, शमवणं. इथे दर महिन्याला थोडं थोडं मरतं ते कर्ज. पुतण्याला हे दाखवा. तुमचं घरकर्ज ग्लॅनव्हिलच्या भाषेत मृत गहाणच नाही. घराचा ताबा तुमच्याकडे आहे, आणि प्रत्येक हप्त्यातला काही भाग मुद्दलात वळता होतो. सुरुवातीच्या वर्षांत तो भाग फार छोटा असतो हे खरं. म्हणूनच हाताशी पैसे आले तर ते सुरुवातीच्या काळात मुद्दलात भरण्याचा फायदा सगळ्यांत जास्त.

राहिलं एकच: गहाण कागदोपत्रीही संपवून घ्या. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून मालकीचे कागद बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं की ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे त्याची सूचना दाखल करावी लागते, ज्याला सगळे 'नोटीस ऑफ इंटिमेशन' म्हणतात. त्यामुळे नोंद सरकारदरबारी असते, आणि शेवटचा हप्ता भरला म्हणून ती आपोआप पुसली जात नाही. बँकेकडून बेबाकी दाखला घ्या, आणि मूळ खरेदीखत व आधीच्या खतांची साखळी यादीवरून एकेक मोजून परत घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं बँकेला बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. जमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्या, फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद काढून घ्या. पुढे विकायला निघालात की खरेदीदाराचा वकील पहिल्या दिवशी हेच मागणार आहे.